ऑक्सिमीटर ९७ दाखवतो, मग पर्वती चढताना दम का लागतो?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. यजमानांचं वय ६१. २५ वर्षं सिगारेट ओढली, ८ वर्षांपूर्वी सोडली. एके काळी दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढायचे. आता पर्वतीच्या पायऱ्या चढतानाही मध्ये दोनदा थांबतात. घरातला ऑक्सिमीटर मात्र कधीही लावला तरी ९७ दाखवतो आणि त्या आकड्याकडे बोट दाखवून ते म्हणतात, "फुफ्फुसं ठणठणीत आहेत, वय झालंय एवढंच." ऑक्सिजन पुरेसा आहे तर दम कशाने लागतो आणि त्यांना डॉक्टरकडे न्यायला हवं का, असं तुम्ही विचारलंय.

न्यायला हवं, या महिन्यातच. कारण समजावून सांगायला मात्र थोडं खोलात जावं लागेल. मी पुण्यात २६ वर्षं छातीच्या विकारांवर उपचार करतोय. त्याआधी काही वर्षं वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवत होतो. "नंबर चांगला आहे" या समाधानात दोन-तीन वर्षं घालवून आलेला पेशंट आठवड्यातून एकदा तरी समोर बसतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय. यजमानांनाही वाचायला द्या.

दम लागणं म्हणजे ऑक्सिजनची मोजणी नव्हे. मेंदू छातीकडे श्वास मागतो आणि छाती तो देते. मागितलेला श्वास आणि प्रत्यक्षात मिळालेला श्वास यांचा हिशेब जुळला नाही, की आपण म्हणतो "दम लागला". रक्तात ऑक्सिजन भरपूर असतानाही हा हिशेब बिघडू शकतो. ऑक्सिमीटर फक्त हिशेबाचा शेवटचा एक आकडा वाचतो. तो आकडा टिकवण्यासाठी छातीला किती राबावं लागलं, हे त्याला कळतच नाही.

हवा आत कशी जाते, तिथून सुरुवात करू. फुफ्फुसाला स्वतःचा आकार बदलता येईल असा स्नायू नाही. ते स्पंजासारखं लवचीक, आणि मोकळं सोडलं तर आकसणारं. श्वास घेण्याचं काम छातीची पेटी करते. तिच्या तळाशी घुमटासारखा एक स्नायू आहे, श्वासपटल. तो आकुंचन पावला की घुमट खाली येतो, शांत श्वासात १ ते २ सेंटीमीटर आणि खोल श्वासात १० सेंटीमीटरपर्यंतही. बरगड्या वर आणि बाहेर सरकतात. पेटी मोठी झाली की आतला दाब बाहेरच्यापेक्षा जरासा कमी होतो आणि हवा आपोआप आत शिरते. लोहाराचा भाता पाहिला असेल तर हे वेगळं सांगायला नको. शांत श्वास सोडायला तर काहीच करावं लागत नाही. स्नायू सैल सोडले की ताणलेलं फुफ्फुस स्वतःच आकसतं आणि हवा बाहेर जाते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, यजमानांच्या बाबतीत तीच कळीची ठरण्याची शक्यता आहे.

आत शिरलेली हवा नाकात गरम आणि ओलसर होते, धूळ गाळली जाते, आणि ती स्वरयंत्रातून मुख्य श्वासनलिकेत येते. ही नळी ११ सेंटीमीटरच्या आसपास लांब. तिच्यावर कूर्चेची १६ ते २० कडी असतात, पण ती पूर्ण गोल नसतात. मागची बाजू मऊ असते, कारण तिथेच अन्ननलिका टेकलेली असते आणि घास उतरताना तिला फुगायला जागा लागते. पुढे नळीचे दोन फाटे होतात. उजवा फाटा जास्त रुंद, आखूड आणि सरळ खाली उतरणारा असतो. म्हणून लहान मुलाच्या श्वासात शेंगदाणा गेला तर तो बहुतेक वेळा उजवीकडे सापडतो. घरात नातवंडं असतील तर चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका. दुर्बिणीतून ते काढताना मी उभा राहिलोय. तो प्रसंग कुठल्याही आजीवर येऊ नये.

या फाट्यांना पुन्हा फाटे, त्यांना पुन्हा फाटे, असं साधारण २३ वेळा होतं. पुण्याच्या माणसाला हे समजायला खडकवासल्याचा कालवा पुरेसा आहे. धरणातून निघालेल्या कालव्यात पाणी जोरात वाहतं. मग त्याच्या शाखा, चाऱ्या, शेतातले पाट. प्रत्येक पाट कालव्यापेक्षा अरुंद, पण सगळ्या पाटांची रुंदी मिळवली तर कालव्याच्या कितीतरी पट भरते. म्हणून पाण्याचा वेग उतरत जातो, आणि वाफ्यात पोचल्यावर ते जवळजवळ उभं राहून जमिनीत मुरतं. फुफ्फुसातही हेच घडतं. मुख्य नळीत हवा वाऱ्यासारखी वाहते, पण शेवटच्या टप्प्यात वाहणं थांबतं आणि वायूचे कण नुसते पसरत पुढे सरकतात.

याचे दोन परिणाम यजमानांशी थेट जोडलेले आहेत.

पहिला असा. मोठ्या नळ्यांमध्ये हवेची देवाणघेवाण होतच नाही, ती फक्त वाट असते. एका श्वासात आपण सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो, त्यातली १५० वाटेतच राहून तशीच परत जाते. कामाला येतात ३५०. आता हिशेब बघा. मिनिटाला १५ श्वास ५०० मिलिलिटरचे घेतले तर एकूण साडेसात लिटर हवा हलते आणि त्यातली सव्वापाच लिटर कामाची असते. तीच साडेसात लिटर हवा धापा टाकत, २५० मिलिलिटरच्या ३० श्वासांत घेतली, तर कामाला येते फक्त ३ लिटर. छाती तेवढीच हवा हलवते, पण पदरात जेमतेम निम्मं पडतं. धाप लागल्यावर "भराभरा श्वास घ्या" असा सल्ला देणाऱ्यांना हा हिशेब दाखवावासा वाटतो.

दुसरा परिणाम जास्त घातक. २ मिलिमीटरहून बारीक नळ्या संख्येने इतक्या असतात, की हवेला होणाऱ्या एकूण अडथळ्यात त्यांचा वाटा निरोगी माणसात फार तर पाचवा हिस्सा असतो. सिगारेटचा, चुलीचा, डासांच्या उदबत्तीचा धूर सगळ्यात आधी याच नळ्यांना सुजवतो. हजारो पाट बुजले तरी कालव्याला पत्ता लागत नाही, तसं इथेही पहिली काही वर्षं माणसाला काहीही जाणवत नाही. जाणवायला लागतं तेव्हा बरंच काही घडून गेलेलं असतं.

आता वाफ्यात, म्हणजे वायुकोशांपाशी येऊ. दोन्ही फुफ्फुसांत मिळून ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. सगळे उलगडून पसरले तर किमान ७० चौरस मीटर पृष्ठभाग होतो. ७० चौरस मीटर म्हणजे साडेसातशे चौरस फूट. कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट छातीत घडी करून ठेवलाय असं समजा. या फ्लॅटच्या भिंतीला बाहेरून रक्ताच्या केशवाहिन्या लपेटलेल्या असतात, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा जिथे सगळ्यात पातळ असतो तिथे त्याची जाडी मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाइतकी. तांबडी पेशी विश्रांतीच्या वेळी या केशवाहिनीतून पाऊण सेकंदात पार होते आणि तिचं ऑक्सिजन भरून घेण्याचं काम पाव सेकंदातच उरकतं. उरलेला अर्धा सेकंद ही आपली शिल्लक. इतकी वर्षं हा विषय वाचतोय, तरी निसर्गाने एवढी सढळ शिल्लक ठेवली आहे याचं मला अजून नवल वाटतं.

रक्तात आलेला ऑक्सिजन हिमोग्लोबिनला चिकटतो. किती टक्के हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसलाय, तोच तुमच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये हे तत्त्व मांडलं. बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडायचे आणि नाडीच्या ठोक्याबरोबर कोणता किती शोषला जातो ते मोजायचं. अप्रतिम यंत्र आहे, असंख्य जीव वाचवलेत त्याने. पण त्याच्या आकड्याचा स्वभाव ओळखायला हवा.

हा आकडा रक्तातल्या ऑक्सिजनच्या दाबाबरोबर सरळ उतरत नाही. सह्याद्रीतलं पठार डोळ्यापुढे आणा. तुम्ही कड्याच्या दिशेने चालताय, पण पायाखालची जमीन सपाटच लागते. कडा दहा पावलांवर आला तरी पायांना उतार कळत नाही, आणि मग एकदम दरी. ऑक्सिजनचा दाब ९५ वरून ६० पर्यंत, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त घसरतो, तेव्हा ऑक्सिमीटर ९७ वरून जेमतेम ९० वर येतो. त्याखाली मात्र आकडा धडाधड कोसळतो. बसल्या जागी ९७ असणं म्हणजे आपण पठारावर आहोत एवढंच. कडा किती लांब आहे, हे त्यावरून कळत नाही.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. सिंहगडावर "हवा विरळ असते म्हणून दम लागतो" असं लोक सांगतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर, पुण्यात ७१० च्या आसपास, गडावर, म्हणजे १३०० मीटर उंचीवर, ६५० च्या आसपास. निरोगी फुफ्फुसाच्या आकड्यात याने दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो. एवढ्याने कुणाला वाटेत बसावं लागत नाही. दम लागतो तो चढाच्या मेहनतीने. आणि पर्वती तर पुण्याच्या मध्यावरच आहे.

मग मेंदू श्वास मागतो कशावरून? बहुतेकांना वाटतं ऑक्सिजन कमी झाला म्हणून. रोजच्या जगण्यात तसं होत नाही. मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेजवळ, काही पेशी सतत पाळत ठेवून असतात ती कार्बन डायऑक्साईडवर. हाल्डेन आणि प्रीस्टली या दोन शास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये दाखवलं, की वायुकोशांतल्या हवेत कार्बन डायऑक्साईड अवघ्या ०.२ टक्क्यांनी वाढला तरी तिथली हवेची ये-जा दुप्पट होते. ऑक्सिजनसाठीची घंटा मानेतल्या मोठ्या रोहिणीजवळ आहे, पण ती जोरात वाजते ऑक्सिजनचा दाब ६० च्या खाली गेल्यावर, म्हणजे कड्यावरून पाय घसरल्यावर. नाक दाबून श्वास रोखा. मिनिटभरात जीव कासावीस होतो तेव्हा ऑक्सिमीटर बहुधा ९५ च्या वरच असतो. कासावीस करतो तो साचलेला कार्बन डायऑक्साईड.

यातून निघणारी एक धोक्याची सूचना उन्हाळ्यात टाकीवर पोहायला जाणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी. पाण्याखाली जास्त वेळ राहायच्या पैजेत मुलं बुडी मारण्याआधी दहा-वीस जोरदार श्वास घेतात. त्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, तो आधीच ९७-९८ टक्के भरलेला असतो. वाहून जातो तो कार्बन डायऑक्साईड. म्हणजे घंटाच काढून ठेवली. पाण्याखाली ऑक्सिजन संपत येतो, तरी श्वास घ्यावासा वाटत नाही, आणि मूल तिथेच बेशुद्ध पडतं. हा खेळ कुठल्याही टाकीवर, विहिरीवर दिसला तर तिथल्या तिथे थांबवा.

कपालभातीनंतर काहींना हातापायाला मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. त्याचंही कारण हेच. "शरीरात ऑक्सिजन भरला" असं त्याचं वर्णन केलं जातं, ते बरोबर नाही. मी प्राणायामाच्या विरोधात अजिबात नाही. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रिया प्रयोगशाळेत मोजून बघण्याचा पायंडा पाडला, याचा मला अभिमान आहे. मोजून बघितल्यावर हेच दिसतं, की संथ श्वसनाचे फायदे खरे आहेत. ते श्वासाची गती, छातीचे स्नायू आणि मनाची घालमेल यांच्याशी निगडित आहेत, ऑक्सिजनच्या आकड्याशी नाहीत. यजमानांनी कपालभाती सध्या बंद ठेवावी, तपासणी होईपर्यंत तरी. जोराने श्वास बाहेर फेकणं त्यांच्या बाबतीत उलटं पडू शकतं. का, ते आता सांगतो.

२५ वर्षांच्या सिगारेटनंतर मला पहिली शंका येते ती सीओपीडीची, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या विकाराची. त्यात दोन गोष्टी घडतात. नळ्या आतून सुजून, कफाने भरून बारीक होतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट होत नाही, १६ पट होतो. शिवाय वायुकोशांच्या भिंती झिजून फाटतात. या भिंती नुसत्या भिंती नव्हेत. मांडवाचे खांब चारी बाजूंच्या ताणलेल्या दोऱ्यांनी उभे राहतात, तशा बारीक नळ्या या भिंतींच्या ताणाने उघड्या राहतात. दोऱ्या तुटल्या की श्वास सोडताना नळी मिटते. वर फुफ्फुसाची लवचिकता गेलेली, जुन्या चड्डीच्या नाडीतलं इलॅस्टिक सैल व्हावं तशी. मघाशी म्हटलं ना, श्वास सोडणं फुफ्फुसाच्या आकसण्यावर चालतं. तेच आकसणं संपतं.

म्हणून या माणसाची अडचण श्वास घेण्याची कमी आणि सोडण्याची जास्त असते. बसलेला असताना सोडायला वेळ मिळतो, सगळं निभतं, आकडा ९७ राहतो. पर्वतीच्या पायऱ्यांवर श्वासाची गती वाढते, सोडायला वेळ कमी पडतो. प्रत्येक श्वासाला थोडी हवा आत अडकते, पुढचा श्वास त्या अडकलेल्या हवेच्या डोक्यावर घ्यावा लागतो. छाती फुगत जाते, श्वासपटलाचा घुमट चपटा होतो, आणि चपट्या स्नायूला खेचायला जागाच उरत नाही.

तुमची छाती निरोगी असेल तर हे स्वतः करून बघा. खुर्चीत बसा, छाती भरून श्वास घ्या, त्यातला थोडासाच सोडा आणि पुन्हा वरच्या वर घ्या. पुन्हा थोडासाच सोडा. असे पाच-सहा श्वास घेतलेत की छाती गच्च होईल, जीव घाबरेल. बोटाला ऑक्सिमीटर लावून ठेवा. तो ९७-९८ च दाखवत राहील. यजमानांना पन्नासाव्या पायरीवर जे होतं, ते हेच असावं. त्यांना कळेल की त्यांची बायको उगाच काळजी करत नाही.

उलट प्रकार आपण सगळ्यांनी करोनात पाहिला. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले, आणि त्यानंतरच्या वर्षभरात घरोघरी ऑक्सिमीटर आले. तेव्हा आकडा ८२-८४ आणि माणूस मात्र फोनवर गप्पा मारतोय, असे रुग्ण मी पाहिले. त्यांची फुफ्फुसं सुरुवातीला ताठर झालेली नसायची, कार्बन डायऑक्साईड व्यवस्थित बाहेर जात होता, म्हणून मेंदू जादा श्वास मागत नव्हता. त्या दिवसांत आपण सगळे एक धडा पक्का शिकलो, की आकडा कमी तर धोका. तो बरोबरच होता. पण त्याला जोडून "आकडा चांगला तर सगळं चांगलं" हे आपोआप गृहीत धरलं गेलं, आणि त्याची किंमत सीओपीडीचे रुग्ण अजून मोजताहेत.

सीओपीडी ही माझी पहिली शंका, निदान नव्हे. आकडा चांगला ठेवून दम लावणारी आणखी तीन कारणं तपासल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही.

एक म्हणजे रक्त कमी असणं. ऑक्सिमीटर टक्केवारी सांगतो, हिमोग्लोबिन किती आहे ते नाही. स्वारगेटहून सुटणाऱ्या पीएमपीच्या बसमधल्या ९७ टक्के जागा भरल्या आहेत हे कळलं, पण बस १५ सुटल्या की ७, हे कळलं का? हिमोग्लोबिन १५ असेल तर १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. ते साडेसातवर आलं तर १० मिलिलिटर. आकडा दोन्ही वेळा ९७. ६१ व्या वर्षी पुरुषाचं रक्त कमी झालं तर ते पोटातून कुठे जातंय का हेही बघावं लागतं.

दुसरं कारण हृदय. चढताना दम आणि त्याबरोबर छातीत आवळल्यासारखं होणं, संध्याकाळी पायांवर सूज, रात्री आडवं झाल्यावर घुसमट, असं काही असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे.

तिसरं कारण वायुकोशांचा पडदा जाड होणं. यावर थोडं जास्त बोलतो, कारण पुण्यात हे मी वाढताना बघतोय. पेठेतल्या एका आजींच्या गॅलरीत वर्षानुवर्षं कबुतरं. कोरडा खोकला, जिना चढताना दम, बसल्या जागी आकडा ९६. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांना सहा मिनिटं चालवलं तर ८६. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या बारीक धुळीची ॲलर्जी होऊन पडदा सुजला होता. विश्रांतीत तांबड्या पेशीला पाऊण सेकंद मिळतो म्हणून जाड पडदाही निभावून जातो. चालताना रक्त वेगाने धावतं, वेळ पाव-अर्ध्या सेकंदावर येतो, शिल्लक संपते आणि आकडा घसरतो. म्हणून घरी मोजायचंच असेल तर बसून मोजू नका. सपाटीवर सहा मिनिटं चालून लगेच मोजा. चार टक्क्यांनी किंवा जास्त उतरला तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. गॅलरीत कबुतरांना दाणे टाकत असाल तर आजपासून बंद करा. पुण्य मिळवायचे दुसरे मार्ग आहेत.

ऑक्सिमीटर आणखी एका ठिकाणी फसवतो. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साईड साठतो, तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि यंत्र त्यालाच ऑक्सिजन समजून ९८ दाखवतं. गिझर बाथरूमच्या बाहेर बसवा, खिडकी उघडी ठेवा. नेलपॉलिश, गार पडलेली बोटं यांनीही आकडा चुकतो. सावळ्या त्वचेवर तो कधी कधी खऱ्यापेक्षा जरा जास्त येतो.

"वय झालंय" याबद्दल. विशी-पंचविशीनंतर प्रत्येकाची श्वास फेकण्याची क्षमता वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलिटरने उतरते. सिगारेटचा त्रास ज्यांच्या फुफ्फुसांना होतो त्यांची उतरंड याच्या दुप्पट किंवा जास्त. फ्लेचर आणि पीटो यांनी १९७७ मध्ये हे मांडलं, आणि त्याच कामातून सगळ्यात दिलासा देणारी गोष्टही कळली. सिगारेट सोडल्यावर गेलेलं परत येत नाही, पण उतरण्याचा वेग पुन्हा जवळपास इतरांसारखा होतो. यजमानांनी ८ वर्षांपूर्वी जे केलं, त्याहून मोठं औषध माझ्याकडेही नाही. त्यांना हे जरूर सांगा.

मात्र नुसत्या वयाने ६१ वर्षांचा माणूस पर्वतीवर दोनदा थांबत नाही. तिथे रोज पहाटे सत्तरीतली माणसं चढताना दिसतात. माझ्या अनुभवात या आजाराची सगळ्यात फसवी खोड अशी, की माणूस नकळत आपलं आयुष्य त्याच्या मापाचं करून घेतो. आधी गड सुटतो, "गुडघे दुखतात" म्हणून. मग टेकडी, मग मंडईतून पिशवी आणणं, मग जिना. आणि विचारलं तर म्हणतो, "मला काही त्रास नाही." खरंच नसतो, कारण त्रास होईल असं काही तो करतच नाही. सदाशिव पेठेतले एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे वर्षभराच्या ऑक्सिमीटरच्या नोंदींची वही घेऊन आले होते, सुंदर अक्षरात, सकाळ-संध्याकाळ, सगळे आकडे ९६ ते ९८. फुंकण्याची चाचणी केली तर श्वासाची ताकद त्यांच्या वयाच्या मानाने निम्मी. वहीचं ते वर्ष उपचारांत गेलं असतं तर, हे मला आजही वाटतं.

तपासणीला गेल्यावर छातीचा एक्स-रे, हिमोग्लोबिन, ईसीजी हे होईलच. पण आग्रह धरा तो स्पायरोमेट्रीचा, ज्याला सगळे पीएफटी म्हणतात. औषधाचा पंप देण्याआधी आणि दिल्यानंतर, अशी दोनदा. खोल श्वास घेऊन जोराने फुंकायचं आणि फुंकतच राहायचं, किमान सहा सेकंद. निरोगी माणूस एकूण हवेपैकी ७० टक्क्यांहून जास्त पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. पंपानंतरही हे प्रमाण ७० च्या खाली राहिलं तर नळ्यांमध्ये अडथळा आहे हे पक्कं. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून ही चाचणी टाळू नका. सुरुवातीच्या सीओपीडीत एक्स-रे बहुधा नॉर्मलच असतो.

तोवर पर्वती बंद करू नका, छातीत दुखत नसेल तर. पद्धत बदला. दोन पायऱ्यांना नाकाने श्वास, पुढच्या चार पायऱ्यांना ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तसा हळू सोडायचा. चंबूमुळे नळ्यांत मागून थोडा दाब राहतो आणि मिटू पाहणाऱ्या नळ्या उघड्या राहतात, अडकलेली हवा निघते. जोराने फेकलं तर नळ्या बाहेरून दाबल्या जाऊन उलट लवकर मिटतात. कपालभाती नको म्हटलं ते यासाठी. थांबावंसं वाटलं तर कठड्यावर हात टेकून पुढे वाका, तेवढंच छातीच्या स्नायूंचं काम हलकं होतं.

बसल्या जागी दम, एक वाक्य पूर्ण बोलता न येणं, ओठ निळसर, गुंगी, छातीत दुखणं, किंवा विश्रांतीत आकडा ९२ वा त्याखाली, यांतलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. आणि कुणाच्या सांगण्यावरून घरी ऑक्सिजनचं मशीन आणून लावू नका. ९७ आकडा असलेल्याला त्याचा उपयोग नाही, आणि वाढलेल्या सीओपीडीत मोजमाप न ठेवता दिलेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साईड वाढवू शकतो.

पीएफटीची वेळ शक्यतो सकाळची घ्या. हलका नाश्ता चालेल, पोटभर जेवून जाऊ नका, आणि कपडे सैल असू द्या. आधीपासून एखादा पंप चालू असेल तर तो किती तास आधी थांबवायचा हे नाव नोंदवतानाच विचारा. गेल्या महिना-दीड महिन्यात मोतीबिंदूची किंवा दुसरी शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर तेही आधी सांगा, कारण मग चाचणी पुढे ढकलावी लागते. तंत्रज्ञ "अजून, अजून, अजून" असं ओरडेल. त्याचा राग न धरता शेवटपर्यंत फुंकायचं. पहिल्या दोन वेळा बहुतेकांचं चुकतं, तिसऱ्यांदा जमतं. तुम्ही बरोबर जा. किती पायऱ्यांवर थांबतात हा डॉक्टरांचा प्रश्न आला, की उत्तर यजमानांनी नाही, तुम्ही द्या.